कळस बुडला की डावीकडे

"मगे आमचो बापूस खोटो बोललो, असा समजू काय?"

आबा मांडीवरचं जाळं चाचपत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"नायतर माझो धाकटो भाव वासू खोटो बोलता. दोघांतलो कोणतरी एक खोटो आसा, आबानू."

आबांनी जाळं दुसऱ्या बाजूने उलटलं.

"तुमी बापाशीबरोबर तीस वर्सां दर्यात होतास. तुमका नाय इचारू तर कोणाक इचारू?"

आबांना हवं ते भोक सापडलं. त्यातून दोन बोटं बाहेर काढून त्यांनी ती हलवून पाहिली आणि जाळ्याची सुई उचलली.

दिगंबर उभाच होता. बसायला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी तो बसण्याच्या मनःस्थितीत नव्हता.

केरूआबा तांडेल ऐंशी ओलांडून गेले होते. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस, ज्याच्या शब्दावर बाकीचे जाळं टाकतात आणि ओढतात. आता दर्यावर जाणं सुटलं होतं. निवेखोलच्या खाडीच्या तोंडाशी त्यांचं झावळ्यांचं खोपटं होतं. तिथे बसून ते गावाची जाळी शिवायचे, आणि गाव आपल्या अडचणी घेऊन त्यांच्याकडे यायचं.

येणाऱ्याला उत्तर मिळेलच याची खात्री नसायची. एकाला त्यांनी तीन वर्षांनी उत्तर दिलं होतं म्हणतात. तोवर तो माणूस प्रश्न विसरला होता, पण उत्तर बरोबर निघालं.

दिगंबर त्यांचा शिष्य. बाप गेला तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. अर्धवट राहिलेली विद्या, गाठी मारण्यापासून वारा ओळखण्यापर्यंतची, त्याने आबांच्याच हाताखाली पुरी केली. आता तो शेहेचाळीसचा होता, चांगला तांडेल होता, आणि ते त्याला स्वतःलाही ठाऊक होतं.

पण खरा अभिमान त्याला बापाचा.

चार माणसं जमली आणि विषय कुठलाही निघाला, की दिगंबर घसा साफ करून म्हणायचा, "आमचो बापूस म्हणायचो..." लग्नाची बोलणी असोत, इंजिनाची दुरुस्ती असो, कोणाच्या पोटात दुखत असो, बापाचं एखादं वाक्य तयार असायचं. बंदरावरच्या टवाळांनी त्याचं नावच 'बापूसम्हणता' ठेवलं होतं. तो समोरून आला की म्हणायचे, "चला, बापूसम्हणता इलो." त्याला हे माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

यंदा त्याने नवी बोट घेतली. मोठी, केबिनवाली. बोट पाण्यात उतरवण्याआधी त्याने पेंटर बोलावला आणि केबिनच्या आतल्या फळीवर निळ्या ऑइलपेंटने बापाची वाक्यं लिहून घेतली. पेंटर शिकलेला होता. त्याने ती शुद्ध करून लिहिली.

'जाळं ओढताना बोलू नये. ओढून झाल्यावर गप्प बसू नये.'

'मासळी कमी मिळेल त्या दिवशी घरी लवकर जावं.'

'दुसऱ्याच्या होडीला हात दिला तर बंदरावर सांगू नये.'

अशी बारा-तेरा. दर खेपेला दिगंबर ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढायचा. बाप, जयराम, काही उपदेश करणारा माणूस नव्हता. होडीतलं पाणी उपसताना, बिडी पेटत नसताना, चहा ओततानाच तो असलं काही बोलून जायचा आणि पुढच्याच वाक्यात मीठ महागलं म्हणून कुरकुरायचा. दिगंबरने त्यातलं मीठ सोडून दिलं आणि बाकीचं चोवीस वर्षं जपलं.

त्या फळीवर एक वाक्य होतं: 'कळस बुडला की डावीकडे.'

हे मात्र जगण्याबद्दल नव्हतं, रस्त्याबद्दल होतं. निवेखोलच्या खाडीत शिरताना मध्ये पाण्याखाली एक खडक आहे, म्हातारी नावाचा. भरतीला तो दिसत नाही. समोर जुन्या धक्क्याची दगडी भिंत आणि तिच्यामागे, लांब चढावर, रवळनाथाच्या देवळाचा कळस. होडी आत येत जाते तसा कळस भिंतीआड उतरत जातो. तो पुरता बुडला, की त्याच क्षणी डावीकडे वळायचं. म्हातारी उजव्या हाताला राहते आणि माणूस सुखरूप घरी जातो.

चोवीस वर्षं दिगंबर बापाच्या जुन्या होडीतून असाच वळला. एकदाही चुकला नाही.

आणि परवा, नव्या बोटीच्या तिसऱ्याच खेपेला, बोट म्हातारीवर चढली.

"काय झाला ता परत सांग," आबा म्हणाले. खोपटात शिरल्यापासून हे त्यांचं पहिलं वाक्य.

"मी केबिनीत, सुकाणू धरून. वासू खाली, जाळ्यार बसललो. तो आराडलो, कळस बुडलो, वळय! मी बगतंय तर कळस माझ्या समोर. सूर्यासारखो लखलखीत. मी कशाक वळवू?"

"मगे?"

"तो परत आराडलो. दादा, बुडलो! मी म्हटलंय, गप ऱ्हव, माका दिसता."

"मगे?"

"मगे कळस बुडलो. मी वळवलंय." दिगंबरचा आवाज खाली आला. "आणि खडपार गेलाव."

बोटीची एक फळी फुटली. वासू उडून कठड्यावर आदळला आणि त्याचं मनगट मोडलं. बोट कशीबशी किनाऱ्याला आणली. पण किनाऱ्यावर पाय टेकल्यापासून दोघा भावांत जे सुरू झालं, ते फळीपेक्षा आणि मनगटापेक्षा वाईट होतं.

"तो म्हणता, तू आंधळो. मी म्हणतंय, तू खोटारडो. बसल्या जाग्यावरसून खोटा आराडलंस. माका घाबरवूक."

"कित्याक घाबरवीत तो तुका?"

दिगंबर खोपटाबाहेर, बंदराकडे बघायला लागला.

ते कारण सगळ्या बंदराला ठाऊक होतं. वासू चौतिशीचा. दिगंबरपेक्षा वीतभर उंच. इंजिनाच्या आवाजावरून त्याचं दुखणं ओळखणारा. दोन मुलांचा बाप. पण चोवीस वर्षांत सुकाणूला त्याचा हात लागला नव्हता. जाळं ओढ, बर्फ भर, मासळी निवड. एकदोनदा त्याने मागून पाहिलं. दिगंबरने घसा साफ केला आणि बापाचं वाक्य काढलं. ते वाक्यही केबिनच्या फळीवर होतं, सगळ्यात खाली: 'वासूच्या हाती सुकाणू देऊ नये.'

मरणाच्या आधी चार दिवस बापाने ते दिगंबरला सांगितलं होतं. आता ज्या केबिनमध्ये वासू दर खेपेला चहा घेऊन यायचा, तिथे ते ठसठशीत निळ्या अक्षरांत लिहून ठेवायला दिगंबरला काही वाटलं नव्हतं. बापाचा शब्द, त्यात वाईट वाटण्यासारखं काय?

"आज तीनच्या एसटीन तो गोव्याक चल्लो," दिगंबर म्हणाला. "मोडको हात घेवन. परक्याच्या बोटीर. बायल-पोरांक मागसून नेतलो म्हणता."

"आवस?"

"जेवक नाय काल धरून."

आई जेवत नाही म्हटल्यावर आबांची सुई थांबली. पुन्हा चालू झाली.

"काल मी सुरी घेतलंय," दिगंबर म्हणाला, "आणि बापाशीची सगळी वाक्यां खरडून काढलंय."

"सगळी?"

"एक सोडून."

"खयचा?"

"वासूचा." दिगंबरने छाती पुढे काढली. "ताच एक खरा आसा म्हणान."

आबांनी पहिल्यांदाच वर पाहिलं. मग जाळं मांडीवरून बाजूला सरकवलं.

"भरती केवा?"

"आता भरता आसा. का?"

"माझी होडी काढ."

"आबानू, ह्या वयात तुमी..."

"होडी काढ म्हटलंय."

शिष्य कितीही मोठा तांडेल झाला तरी गुरूने दुसऱ्यांदा सांगितल्यावर वाद घालत नाही. दिगंबरने होडी ओढली. आबांची होडी लहान, दोन माणसांची, डांबराने काळी झालेली. तशीच होडी बापाची होती. दिगंबरला एकदम तो वास आला, डांबराचा आणि ओल्या सुंभाचा, आणि तो क्षणभर कडेला हात ठेवून उभा राहिला. बापाची होडी सोडल्यापासून त्या वासाची कमतरता त्याला जाणवलीच नव्हती. नव्या बोटीला रंगाचा वास येतो.

बाहेर जाताना त्याने वल्ही मारली. भरती अंगावर येत होती, तो घामाघूम झाला. आबा मागे बसून निवांत आकाश बघत होते.

तोंडाबाहेर आल्यावर आबा म्हणाले, "आता तू हय ये. सुकाणू धर."

जागा बदलल्या. आबांनी वल्ही धरली, पण मारली नाहीत. भरतीच होडीला आत नेत होती.

दिगंबर मागच्या फळीवर बसला. सुकाणूचा दांडा काखेशी आला. समोर भिंत, भिंतीमागे कळस.

कळस उतरत गेला. अर्धा राहिला. टोक राहिलं.

"बुडलो," दिगंबर म्हणाला, आणि सवयीने दांडा रेटायला लागला.

"थांब. वळव नको."

"आबानू, म्हातारी..."

"म्हातारी माका माहीत आसा. तू उबो ऱ्हव."

"होडयेत?"

"उबो ऱ्हव!"

दिगंबर पाय फाकवून, तोल सांभाळत उभा राहिला.

भिंतीच्या वर, लखलखीत, कळस.

"दिगू, काय दिसता?"

"कळस."

"बस."

तो बसला. कळस नाही.

तो आपणहून पुन्हा उभा राहिला. कळस. बसला. भिंत. पुन्हा उभा. चांगला शेहेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला माणूस त्या एवढ्याशा होडीत उठाबशा काढत होता. धक्क्यावर मासळी वाळवणाऱ्या बायका काम टाकून बघायला लागल्या. एकीने हाक मारून विचारलंही, की आबांनी शिक्षा दिली की काय?

आबांनी वल्ह्याचे दोन फटके मारून होडी डावीकडे घेतली. म्हातारी उजव्या हाताने, पाण्याखालून, गप्प निघून गेली.

दिगंबर फळीवर बसला होता तो बसलाच. नवी केबिन त्याच्या डोळ्यांसमोर आली. पाण्यापासून दोन पुरुष उंच. तिथे तो ऐटीत उभा असतो. आणि खाली, जाळ्यावर, वासू बसतो.

मग दुसरं काही आठवलं.

तो सोळा वर्षांचा. सकाळ. बापाच्या मागे होडीत उभा राहून तो खाडीचं तोंड बघतोय. बापाने त्याच्याकडे न बघताच हात मागे नेला, त्याचा खांदा पकडला आणि त्याला खाली दाबलं. "बस. बसान बग. कळस बुडलो काय डाव्याक." हात बराच वेळ खांद्यावर राहिला होता. ओला, जड, खरखरीत. मिठाने पांढरा पडलेला.

वाक्य त्याला पाठ होतं. हात तो साफ विसरला होता.

"आबानू..." दिगंबरच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्याने ते पुसलं नाही. "बापूस खरो होतो."

"होय."

"आणि वासूय खरो होतो."

"होय."

"मी काल सुरीन..."

होडी वाळूला लागली.

दिगंबर खाली उतरला. गुडघाभर पाण्यात उभं राहून त्याने तोंड धुतलं. आणि बघता बघता त्याचा चेहरा उजळला. बाप परत मिळाला होता. ज्याचा बाप दोन दिवस खोटा ठरला होता आणि आता खरा निघाला, त्याच्या आनंदाला काय सीमा? त्याने होडी एका हिसक्यात वर ओढली, आबांना हात देऊन उतरवलं, आणि वाळूवर चालता चालता बोलत सुटला.

"उद्याच पेंटराक बोलवतंय. सगळी परत लिवन घेतंय. पयल्यापेक्षा मोठी. आणि वासूच्या आत्ता जावन पाया पडतंय. थोरलो असलंय म्हणान काय झाला? मी चुकलंय, मी तेका खोटारडो म्हटलंय. माफी मागतंय."

"बरा."

"गोव्याक जावचा नाय म्हणान सांगतंय. फुडच्या खेपेक तेनी 'वळय' म्हटला काय मी वळवतलंय. डोळे मिटान."

आबा चालता चालता थांबले.

"तो ऱ्हवात?"

दिगंबरही थांबला.

"तू वळवतलंस," आबा म्हणाले. "तो बसान आराडतलो. असाच मा?"

"मगे दुसरा काय? सुकाणू तर..." दिगंबरने घसा साफ केला. "ता कसा देवचा, आबानू? आता तर बिलकूल नाय. बापूस खरो आसा ता आत्ताच तुमी माका दाखवलास. बापाशीचा एक वाक्य खरा, तर सगळी खरी. 'वासूच्या हाती सुकाणू देव नको.' माझो हात धरून सांगल्यान ता. मराच्या आदी चार दिवस."

वरच्या रस्त्याने कोणी तरी सायकलवर गेलं. दूरवर, गावात, एसटीच्या थांब्याच्या बाजूला, देवळाची घंटा वाजली. बारा वाजून गेले होते.

आबा खाली वाकले आणि पायाला चिकटलेली वाळू झाडत बसले. खूप वेळ झाडत बसले. दिगंबरला घाई होती, पण गुरूला सोडून जाता येईना.

"खय सांगल्यान ता?" आबांनी विचारलं.

"घरात. खाटेर पडललो."

"तुज्या एकट्याक?"

"वासूय थय होतो. खाटेच्या पायथ्याक."

"बसललो?"

"नाय, उबो होतो. आवशीन तेका बाहेर जावक सांगल्यान, पण तो जायना. खाटेचो खूर धरून उबो होतो. रडाक येय होता तेका, पण रडाक नाय. बापूस तेच्याकडे बगी, आणि मगे माज्याकडे बगी. आणि मगे माका म्हटल्यान..." दिगंबरला ते सगळं स्पष्ट दिसत होतं. काथ्याची खाट. बापाची आत गेलेली गालफडं. वासूची लाल अर्धी चड्डी, तिचं तुटलेलं बटण. बापाच्या नजरेतली काळजी, जी त्याने तेव्हा पाहिली होती आणि नंतर इतकी वर्षं पाहिली नव्हती.

"केवढो होतो वासू तेवा?"

"केवढो म्हणजे?" दिगंबरने हात पुढे केला आणि आपल्या कमरेच्या जरा वर, हवेत, आडवा धरला. "येवढो."

आबा त्या हाताकडे बघत राहिले.

मग दिगंबरनेही बघितलं. हाताखाली नुसती वाळू होती. तो हात खाली घ्यायला लागला.

"हात खाली घेव नको," आबा म्हणाले. "तसोच धरून घराक जा, आणि वासूच्या बाजूक उबो ऱ्हव."